उमरेडकर आणि इतर

"मी खोटी आशा दाखवणाऱ्यांतला डॉक्टर नाही," डॉ. राठी म्हणाले आणि सरांच्या मेंदूच्या स्कॅनची फिल्म त्यांनी पाकिटात परत घातली. "हातापायांत अजून सुधारणा होईल. काठी घेऊन चालतील, स्वतःच्या हाताने जेवतील. पण वाचेचं म्हणाल काकू, तर जी यायची ती पहिल्या तीन महिन्यांत येते. ते तर होऊन गेले."

शैलाकाकूंनी मांडीवरची पर्स दोन्ही हातांनी धरली. "म्हणजे स्पीच थेरपी...?"

"बंद केली तरी चालेल. उगाच त्यांना त्रास, तुम्हाला त्रास."

चांदूरकर सर मधल्या खुर्चीत बसले होते. ते माझे गाईड. मेंदूत भाषा कुठे राहते आणि कशी राहते, हे शोधण्यात ज्यांची सगळी नोकरी गेली, त्यांना झटका आला तो नेमका तिथेच. उजवा हात निपचित, आणि बोलायला एकच शब्द शिल्लक: 'बरं'. चहा हवा असला तरी बरं, नको असला तरी बरं, उकडलं तरी बरं. सूर मात्र दरवेळी वेगळा. ऐकलेलं त्यांना सगळं कळत होतं, याची मला खात्री होती. काकूंना नव्हती.

"पण डॉक्टर, एखाद्याला उशिरा येत असेल नं?" काकूंनी विचारलं.

"हे मी माझ्या मनाचं नाही सांगत. अभ्यास झालेले आहेत. जगभर हेच मानतात."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनी मला मुद्दाम बरोबर आणलं होतं. 'आमच्या ह्यांची विद्यार्थिनी, तीही मेंदूतलीच आहे,' अशी माझी ओळख करून दिली होती, जशी काही मी मेंदूत राहायला आहे. मी होकारार्थी मान हलवली. राठी म्हणत होते ते मला कुठेतरी वाचल्यासारखं वाटत होतं. शिवाय मी तो विषय सोडून पुष्कळ दिवस झाले होते, माझं काम आता झोप आणि स्मरणशक्तीवर चाललं होतं. आणि खरं सांगायचं तर माझं अर्धं लक्ष पुढच्या बुधवारच्या मुलाखतीकडे होतं.

मी मान हलवली मात्र, सरांनी डाव्या हाताने माझी ओढणी पकडली. "बरं!" ते ओरडले. "बरं! बरं! बरं!" चेहरा लालबुंद. ओढणी अशी खेचली की मी खुर्चीवरून पुढे झुकले. बाहेर बसलेले पेशंट दारातून डोकावून पाहू लागले.

"अहो, सोडा तिला!" काकूंनी त्यांची बोटं एकेक करून सोडवली. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "पाहिलं नं? त्यांनाही नको झालंय ते सगळं. रोज ती थेरपीवाली नाझनीन चित्रं दाखवते, कप म्हणा, बूट म्हणा. एवढा मोठा माणूस, लहान पोरासारखा रडून राहिला परवा."

सर माझ्याकडे टक लावून पाहत होते. त्या नजरेचा मी काय अर्थ लावला होता, तर माणूस खचलाय. बाहेर आल्यावर काकूंनी सांगून टाकलं की येत्या सोमवारपासून नाझनीनला येऊ नको म्हणून कळवते, आणि महिनाअखेर ह्यांना घेऊन अमरावतीला बहिणीकडे राहायला जाते. तिथे निदान माणसं तरी आहेत घरात. मी म्हटलं, "तुम्हाला योग्य वाटेल तसं करा, काकू."

माझ्या मुलाखतीचं आता सांगायला हवं. आमच्या संस्थेत पाच वर्षांच्या करारावर घेत आणि शेवटी एक समिती बसे. तिने कायम केलं तर निवृत्तीपर्यंत चिंता नाही. नाही केलं तर प्रयोगशाळेच्या किल्ल्या जमा करायच्या, हाताखालचे विद्यार्थी दुसऱ्याच्या स्वाधीन करायचे आणि नागपूरबाहेर नोकरी शोधायची. समिती काय पाहते हे सगळ्यांना पाठ होतं. शोधनिबंध किती, आणि ते दुसऱ्यांनी आपापल्या लेखनात संदर्भ म्हणून किती वेळा वापरले. माझे निबंध मोजकेच होते. पण त्यातला एक, सरांच्या हाताखाली केलेला पहिलाच, चारशेच्या वर लोकांनी संदर्भाला घेतला होता. सकाळी चहा ठेवायच्या आधी मी तो आकडा पाहायची, काही लोक सोन्याचा भाव पाहतात तशी. एकाने वाढला तर दिवस चांगला जायचा.

"तू म्हणजे एका पेपरवर घर चालवणारी बाई," आमचे विभागप्रमुख दाणी म्हणायचे. माणूस फटकळ, पण माझ्या बाजूचा. हॉस्पिटलच्या त्या भेटीनंतर दुसऱ्याच दिवशी त्यांनी मला खोलीत बोलावलं. माझा अर्ज समोर उघडा होता.

"हे असं नाही चालणार, शलाका. नुसता आकडा टाकला आहेस. आता समितीला परिणाम लागतो. तुझ्या कामाने कोणाच्या आयुष्यात काय फरक पडला?"

"सर, तो मूलभूत अभ्यास होता. फरक वगैरे..."

"अगं, पडलाय! सबनीसांची पुस्तिका पाहिली नाहीस? लकव्याच्या पेशंटवर उपचार कसे करायचे त्याची. डॉक्टर लोक तीच वापरतात. तिच्यात तुझं नाव आहे म्हणतात. ते वाक्य उचल आणि अर्जात ठळक टाक. आणि ऐक, बाहेरचे तज्ज्ञ म्हणून कोण येतंय माहीत आहे? मुंबईहून खुद्द सबनीस."

मी जवळजवळ उड्या मारतच माझ्या खोलीत आले. पुस्तिका संगणकावर मिळाली. शेवटच्या संदर्भांमध्ये माझं नाव होतं. पहिलं नाव माझं, म्हणून 'उमरेडकर आणि इतर'. त्या क्रमांकावरून मागे जात मी ते वाक्य शोधून काढलं.

'वाचोपचार पहिल्या तीन महिन्यांपुरते मर्यादित ठेवावेत. त्यानंतर भाषेत सुधारणा होत नाही, असे सिद्ध झाले आहे (उमरेडकर आणि इतर).'

मी ते दोनतीनदा वाचलं. मग उठून दार लावून घेतलं.

आम्ही असं काही सिद्ध केलं नव्हतं. आमचे पेशंट गोंदिया, गडचिरोली, भंडाऱ्याकडचे होते. झटका आल्यावर दर पंधरवड्याला त्यांना बोलावून आम्ही त्यांची भाषा तपासायचो. तीन महिने ते येत राहिले. मग पेरण्या लागल्या आणि येईनासे झाले. घरच्या माणसाने रोजचं काम सोडून म्हाताऱ्याला एसटीत घालून नागपूरला किती वेळा आणायचं? मी निबंधाचा पहिला मसुदा केला तेव्हा लिहिलं होतं, 'तीन महिन्यांपर्यंत सुधारणा दिसली.' सरांनी तो कागद माझ्यापुढे सरकवला होता.

"पुढचं वाक्य कुठे आहे?"

"पुढे तपासलंच नाही ना सर आपण."

"मग तेच लिही. पेशंट येऊ शकले नाहीत म्हणून त्यापुढची तपासणी झाली नाही. सुधारणा थांबली, असं कोणाला वाटायला नको. थांबलो आपण. ते नाही."

ते वाक्य मी घातलं होतं. निबंध छापलेला होता, वाक्य जागच्या जागी होतं. मग मी एक उद्योग केला, जो इतक्या वर्षांत मला कधी सुचला नव्हता. ज्यांनी ज्यांनी आमचा संदर्भ दिला होता, त्यांचे लेख एकेक उघडून ते आमच्याविषयी काय म्हणतात ते वाचू लागले. 'तीन महिन्यांनंतर सुधारणा नाही, उमरेडकर आणि इतर.' 'सुधारणेची मर्यादा तीन महिने, उमरेडकर आणि इतर.' शब्द थोडे इकडचे तिकडे, बाकी तेच. मागे मागे जात गेले तेव्हा सगळ्यांच्या मुळाशी एक मोठा आढावा निघाला, परदेशातल्या एका नावाजलेल्या माणसाने लिहिलेला. त्याने घाईत वाचलं होतं. बाकीच्यांनी वाचलंच नव्हतं, त्याचं वाक्य संदर्भासकट उचललं होतं.

सरांच्या प्रयोगशाळेत हे पाप समजलं जाई. दर शनिवारी आम्हाला उभं करून ते विचारायचे, हा संदर्भ दिलास ना, मग यात पेशंट किती होते, वगळले किती, का वगळले. उत्तर आलं नाही तर संदर्भ खोडून टाकायचे. आम्ही त्यांना मागे जमादार म्हणायचो.

आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला. राठींच्या खोलीत सरांना सगळं कळलं होतं. हा डॉक्टर जो अभ्यास सांगतोय तो आपलाच आहे, उलटा वाचलेला, आणि त्याच्याच जोरावर आपली भाषा बंद करायला निघालाय. ते सांगायला त्यांच्याजवळ एकच शब्द होता. आणि शेजारी त्या निबंधाची पहिली लेखिका बसून मान हलवत होती.

मी तशीच स्कूटर काढली आणि धरमपेठेत त्यांच्या घरी गेले. दुपार उलटली होती. काकू पलंगावर कपड्यांच्या घड्या घालत होत्या, एक सूटकेस अर्धी भरलेली होती. सर खिडकीशी बसले होते. मी त्यांच्यासमोर खाली जमिनीवरच बसले.

"सर, राठी म्हणाले तो आपला पेपर आहे. तीन महिन्यांचा. त्यांनी चुकीचा वाचलाय. तुम्हाला त्या दिवशी हेच सांगायचं होतं ना?"

सरांनी डोळे मिटले. मग अगदी हलक्या आवाजात, मान डोलावत म्हणाले, "बरं." आणि त्यांना रडू फुटलं. मलाही आवरलं नाही.

"काय लावलं तुम्ही दोघांनी?" काकू हातात टॉवेल घेऊन आल्या. मी त्यांना सगळं सांगितलं. त्या टॉवेल तसाच धरून ऐकत राहिल्या.

"म्हणजे तुझ्या पेपरात लिहिलंय म्हणून राठी म्हणतात बंद करा. आणि तू म्हणते लिहिलंच नाही?"

"हो."

"आणि चारशे लोकांनी काय डोळे मिटून वाचलं?"

"वाचलं नाही काकू. एकमेकांचं पाहून लिहिलं."

"आम्ही शाळेत असं केलं तर पट्टी खायचो," काकू म्हणाल्या. मग पलंगाच्या कडेवर बसल्या. "ठीक आहे. मग आता तू सांग. थेरपी चालू ठेवली तर बोलतील हे?"

मला हाच प्रश्न नको होता. खोटं बोलायची इतकी इच्छा मला आयुष्यात कधी झाली नसेल.

"माहीत नाही, काकू. एकदोन लहान अभ्यास आहेत, काही लोकांना वर्षानंतरही शब्द सापडलेत. पण सरांना सापडतीलच असं मी नाही सांगू शकत."

"मग तुझ्यात नि त्या राठीत फरक काय?" त्यांचा आवाज चढला. "तो म्हणतो नाही, तू म्हणते माहीत नाही. मी काय करू? रोज रात्री हे माझा हात धरून बरं बरं करतात, मला कळत नाही पाणी हवंय का पाय दुखून राहिले. मी थकले, शलाका. आणि तुझं ऐकून थांबले तरी राठींनी चिठ्ठी दिल्याशिवाय हॉस्पिटल नाझनीनला पाठवणार आहे का? त्यांचे ते मोठे डॉक्टर, पुस्तक लिहिलं म्हणते ते, त्यांच्याकडून वदवून आण. मग पाहू."

निघताना सर माझ्याकडे पाहत होते. मी त्यांना काहीही कबूल केलं नाही. कारण मला मनातून भीती वाटत होती की मी कबूल केलेलं पाळणार नाही.

दाणींना सांगितलं तेव्हा त्यांनी आधी कपाळाला हात लावला.

"पुढच्या महिन्यात लिही ना! खुलासा, दुरुस्ती, जे काय लिहायचं ते. एकदा कायम झालीस की वर्तमानपत्रात जाहिरात दे. पण बुधवारी तोंड उघडू नकोस. तुझं सगळं त्या एका आकड्यावर उभं आहे. तूच उठून सांगणार की तो आकडा म्हणजे लोकांची चूक आहे? तेही सबनीसांच्या तोंडावर?"

"आणि सर?"

"एका महिन्याने काय बिघडतं?"

"त्या अमरावतीला निघाल्या आहेत. एकदा थेरपी सुटली की पुन्हा धरणार नाहीत."

दाणींनी माझा अर्ज मिटून बाजूला ठेवला. मग म्हणाले, "मी काही ऐकलेलं नाही. जा." ते असं म्हणाले याचं मला वाईट वाटलं आणि बरंही वाटलं. त्यांनी मनाई केली नव्हती.

बुधवारपर्यंत मला अन्न गेलं नाही. दोन्ही बाजूंनी मी स्वतःशी वाद घालत होते आणि दोन्ही बाजूंनी हरत होते. आंघोळ करताना ठरवायची, सांगायचं. केस विंचरेपर्यंत ठरलेलं असायचं, गप्प बसायचं. नवऱ्याने विचारलं, "एवढं काय?" तर मी त्याच्यावर खेकसले. त्याने मुकाट्याने डबा भरून दिला, आणि तो मी तसाच परत आणला.

समितीच्या खोलीत चौघे होते. एसी इतका लावलेला की मला हुडहुडी भरली. सबनीस मधोमध बसले होते. पांढरेशुभ्र केस, बोलणं मऊ. वाईट माणूस असता तर मला सोपं गेलं असतं.

झोपेच्या संशोधनावर थोडी प्रश्नोत्तरं झाली. मी ठीक बोलले असावे. मग सबनीसांनी माझा अर्ज उचलला आणि इतरांकडे पाहून ते हसले.

"या बाईंचे निबंध कमी आहेत असं कोणी म्हणेल. मी म्हणणार नाही. मोजकं काम, पण देशभरचे डॉक्टर रोज वापरतात असं. आमच्या पुस्तिकेतली एक शिफारस सबंध यांच्या अभ्यासावर उभी आहे. मॅडम, तुम्हीच सांगा यांना. तुमच्या निष्कर्षाचा परिणाम काय झाला?"

चेंडू माझ्या हातात आणून ठेवला होता. नुसता 'हो' म्हटलं असतं तरी भागलं असतं.

"सर," मी म्हटलं, "तो आमचा निष्कर्ष नाही."

"काय म्हणालात?"

"तीन महिन्यांनंतर सुधारणा होत नाही, असं आमच्या निबंधात कुठेही नाही. तीन महिन्यांनंतर आम्ही तपासलंच नाही, असं आहे. पेशंट येऊ शकले नाहीत. एका आढाव्यात ते चुकीचं आलं आणि तिथून सगळ्यांनी घेतलं." मी निबंधाची प्रत पुढे सरकवली. त्या वाक्याखाली मी लाल रेघ मारून आणली होती. आणली होती, म्हणजे सांगायचं हे माझं कुठेतरी आधीच ठरलं असणार.

सबनीसांनी चष्मा लावला आणि ते वाक्य वाचलं. त्यांचा चेहरा हळूहळू बंद होत गेला.

"हा निबंध छापून किती काळ झाला? आणि तुम्ही हे आज सांगताय?"

"मला गेल्या आठवड्यात कळलं."

"तुमच्याच निबंधाचं लोक काय करतात ते तुम्हाला गेल्या आठवड्यात कळलं?"

"हो सर. मी आकडाच पाहत होते."

सबनीसांनी प्रत परत माझ्याकडे सरकवली. "लेखी पाठवा. समितीपुढे ठेवू. तुम्ही जाऊ शकता."

"सर, एक पेशंट आहे, त्यांची थेरपी या आठवड्यात..."

"मॅडम, लेखी पाठवा."

बाहेर आले तेव्हा दाणी व्हरांड्यात उभे होते. माझ्याकडे पाहून त्यांनी पाण्याची बाटली पुढे केली. मी घोटभर पाणी प्यायले आणि घरी न जाता सरळ राठींच्या हॉस्पिटलकडे निघाले. सबनीसांकडून वदवून घेणं तर जमलं नव्हतं. आता रिकाम्या हातांनी काकूंकडे जायची हिंमत नव्हती.

राठींची ओपीडी संपत आली होती. ते घड्याळाकडे पाहत म्हणाले, "बोला." मी निबंध त्यांच्यापुढे ठेवला आणि म्हटलं, "डॉक्टर, हा पूर्ण वाचाल? आत्ता. मी थांबते."

का कोण जाणे, ते चिडले नाहीत. वाचू लागले. मधेच नर्स आली, तिला त्यांनी हातानेच थांबवलं. लाल रेघ आली तिथे त्यांची नजर थांबली, पुढे गेली, पुन्हा मागे आली. शेवटपर्यंत वाचून त्यांनी पुन्हा पहिलं पान काढलं आणि वरची नावं पाहिली.

"उमरेडकर तुम्ही?"

"हो."

"आणि शेवटचे हे व्ही. चांदूरकर..."

"त्या दिवशी याच खुर्चीत बसले होते. माझी ओढणी ओढत होते."

राठींनी दोन्ही हात तोंडावर घेतले. मग त्यांनी चिठ्ठ्यांचं पॅड ओढलं, सरांचं नाव लिहिलं, खाली वाचोपचार सुरू ठेवावेत म्हणून लिहिलं, आणि मुदतीची जागा कोरी सोडली. "नाझनीनला मी स्वतः सांगतो. काकूंनाही फोन करतो. माझं चुकलं म्हणून सांगतो."

त्याप्रमाणे त्यांनी केलं. काकू अमरावतीला गेल्या नाहीत. पुढे सर चार वर्षं जगले. व्याख्यान त्यांना पुन्हा कधी देता आलं नाही, पूर्ण वाक्यही क्वचितच. पण काकूंशी भांडता येईल इतके शब्द हळूहळू परत आले, आणि काकू ते भांडण शेजारच्या बायकांना कौतुकाने सांगायच्या. समितीने मला कायम केलं नाही. एक वर्षाची मुदतवाढ दिली, मग आणखी एक. शेवटी मी नागपूर सोडलं. पुस्तिकेच्या पुढच्या आवृत्तीतून ते वाक्य गेलं, का गेलं ते कोणी लिहिलं नाही. दोनतीन नोकऱ्या बदलून झाल्या तरी मला अधूनमधून कोणी ना कोणी विचारतं, तो तुमचा चारशे संदर्भांचा पेपर, त्याचा परिणाम काय झाला हो? तेव्हा मला त्या संध्याकाळचं राठींच्या खोलीतलं पुढचं आठवतं.

चिठ्ठी माझ्या हातात होती आणि मी उठले होते. राठी म्हणाले, "थांबा जरा." ते समोरच्या भिंतीकडे पाहत होते.

"मॅडम, हे वाक्य मी गेली कितीतरी वर्षं म्हणतोय. आठवड्यातून दोनदा, तीनदा. चांदूरकर सरांसाठी तुम्ही आलात. बाकीच्यांसाठी कोण येणार?"

त्यांनी संगणकावर जुने पेशंट काढले. पहिलं नाव निघालं डोमाजी शेंडे, सुतारकाम, लाखनीकडचं गाव. झटका येऊन वर्ष होऊन गेलं होतं. राठींनी नंबर फिरवला आणि फोनचा आवाज मोठा करून तो टेबलावर आमच्या दोघांच्या मधे ठेवला. बराच वेळ वाजल्यावर एका बाईने उचलला.

"मी नागपूरहून डॉक्टर राठी बोलतोय. डोमाजींच्या घरून ना? कसे आहेत ते?"

"आहेत जी." आवाजात आश्चर्य होतं. "चालतात, फिरतात. जेवन करतात."

"बोलतात का काही?"

"नाई जी. बोलतीन कसे? तुमीनंच त सांगतलं होतं, आता बोलनार नाईत म्हनून."

राठींनी ओठ दाबले. "हो. सांगितलं होतं."

"मंग आमीबी त्यायच्याशी बोलनं सोडून देलं," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती, डॉक्टरांनी सांगितलेलं पथ्य नीट पाळल्याचं ती सांगत होती. "तरास होते म्हनलं त्याईले. पोरं बी नाई बोलत. ते बसून रायतात आपले वसरीत."

मी फोन माझ्याकडे ओढला.

"ताई, त्यांना जरा फोन देता?"

"त्याईले? अवो, ते काई बोलत नाईत, बाई."

"नसू देत बोलत," मी म्हटलं. "त्यांच्या कानाला लावा. आम्ही बोलतो."